एफएसएक्स आणि एक लाखातला स्वल्पविराम

फाइलसिस्टीम तपासणाऱ्या एफएसएक्स या जुन्या हत्याराच्या एकाच कोपऱ्याबद्दल आज बोलू. अ‍ॅव्हाडिस टेव्हेनियन यांचं हे काम, फाइलीवर नेक्स्ट कंपनीचा १९९१ चा हक्क नोंदलेला; १९९८ मध्ये कॉनरॅड मिन्शॉल यांनी ते नव्याने लिहिलं. एकाच फाइलवर वाटेल तसं वाचन, लेखन, काटछाट करायची आणि मेमरीतल्या प्रतीशी ताडून बघायचं. हा गाभा उत्तम. आमचं भांडण आहे ते कमांड लाइनवरचे पर्याय वाचणाऱ्या भागाशी.

अक्षरांचा गोंधळ तर आहेच. छोटा झेड झीरो-रेंज बंद करतो, मोठा झेड डायरेक्ट आयओ चालू करतो. पाठ करा, दुसरं काय! पुढे ड्युरेशन, रेकॉर्ड-ऑप्स, रिप्ले-ऑप्स अशी लांब नावं आली, ते बरंच झालं.

पण खरं दुखणं आकड्यांत आहे. आकडा वाचायला गेटनम नावाचं फंक्शन आहे. मागे के लावला की १०२४ पट. बी लावला तर? बाइट नव्हे, ५१२ पट! इथे राजगुरुनगरात चाकणला सीएनसी चालवणारे पुष्कळ आहेत, त्यांना हे चटकन कळेल. फानुकच्या नेहमीच्या मेट्रिक सेटिंगमध्ये एक्स १०० पुढे टिंब राहिलं की १०० मिलिमीटरचा ०.१ होतो, तसलाच प्रकार. शिवाय सुरुवातीला शून्य असेल तर आकडा अष्टमान धरला जातो: ०१० म्हणजे ८.

आता एन या पर्यायाला, म्हणजे किती क्रिया करायच्या त्याला, आपल्या सवयीने १,००,००० द्या. गेटनम स्वल्पविरामापाशी थांबतं, १ परत देतं. उरलेल्या मजकुराचं काय झालं हे एन वाचणारा कोड विचारतच नाही. ऋण आकडा तेवढा अडवतो. एक क्रिया होते, ठीक असल्याचा संदेश येतो, स्क्रिप्टला परतीचा कोड शून्य मिळतो. फाइलसिस्टीम तपासली गेलेलीच नाही आणि अहवाल हिरवा! तपासणीच्या हत्यारात याहून वाईट दोष आम्हाला सुचत नाही.

म्हणून रिफॅक्टरिंग करणाऱ्याने लांब नावांपासून सुरुवात करू नये. आज एक पर्याय वाढवायचा तर गेटऑप्टची अक्षरमाळ, स्विच आणि मदतीचा मजकूर अशा तीन जागी हात घालावा लागतो. त्याऐवजी एकच तक्ता हवा: नाव, प्रकार, मर्यादा, मदत. आणि आकड्यामागे काही उरलं की तिथेच थांबायचं.

मात्र जुनी अक्षरं काढायची नाहीत, स्क्रिप्टा त्यांवर उभ्या आहेत. मुलभूत मूल्यंही हलवायची नाहीत. त्याच बीजाला तोच क्रियाक्रम आला नाही, तर जुन्या बगच्या नोंदीतली कमांड पुन्हा चालवून उपयोग काय? ०१० चं म्हणाल, तर त्याचा अर्थ गुपचूप १० करणं आम्हाला मान्य नाही. नाकारा, आणि का नाकारलं ते छापा.