गणिताच्या उजळणीतील जुन्या प्रश्नपत्रिका : मार्केट यार्ड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

इयत्ता दहावीची परीक्षा जवळ आली की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या प्रश्नपत्रिकांच्या आणि ‘अपेक्षित’ प्रश्नांच्या संचांना मागणी येते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आडतदार, तोलणार व हमाल ही सर्व मंडळी एकाच बाजारावर जगतात. मात्र त्यांच्या मुलांना मिळणारी शैक्षणिक साधने सारखी नसतात. ज्या घराला खाजगी शिकवणीचे शुल्क परवडत नाही, त्या घरातील विद्यार्थ्याच्या हाती पाठ्यपुस्तकानंतर जे स्वस्त साधन उरते ते म्हणजे जुनी प्रश्नपत्रिका. त्यामुळे या साधनाचा उपयोग कसा होतो, हा प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही, तो संधीच्या समानतेचाही ठरतो. प्रस्तुत लेखात या साधनाचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार केला आहे.

आराखड्याचे स्वरूप :

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची बदललेल्या अभ्यासक्रमावरील पहिली दहावीची परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. या आराखड्यात बीजगणित व भूमिती यांची प्रत्येकी ४० गुणांची, दोन तासांची लेखी परीक्षा असून २० गुण अंतर्गत मूल्यमापनास आहेत. पाच प्रश्नांना अनुक्रमे ८, १२, ९, ८ व ३ गुण आहेत. पर्यायांसह छापलेल्या सर्व उपप्रश्नांच्या गुणांची बेरीज मात्र ६० होते. म्हणजेच कोणते उदाहरण सोडवावे व कोणते सोडावे, हा निर्णयही विद्यार्थ्यास दोन तासांतच घ्यावा लागतो. या निर्णयाचा सराव संपूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविल्यानेच होतो.

तथापि ‘मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका’ हा शब्दप्रयोग सरसकट वापरता येत नाही. २०१९ पूर्वीच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या अभ्यासक्रमावर आधारलेल्या आहेत. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच रद्द झाली. २०२२ ची परीक्षा २५ टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. हा भेद न सांगता वर्षे मोजणारा संच विद्यार्थ्याची दिशाभूल करतो.

वर्गीकरणाचा दोष :

बाजारातील अनेक संचांत जुने प्रश्न प्रकरणनिहाय लावलेले असतात. यार्डात आलेल्या मालाची प्रतवारी केल्याने त्याचे मोल वाढते; प्रश्नपत्रिकेचे मोल मात्र अशा प्रतवारीने घटते. कारण ‘हे उदाहरण कोणत्या रीतीने सोडवायचे’ हे ओळखणे हाच परीक्षेतील पहिला टप्पा असतो, आणि प्रकरणाचे शीर्षक तो टप्पा आधीच पार करून देते. रोहरर व टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणे एका गटाने प्रकारानुसार, तर दुसऱ्याने मिसळून सोडविली. सरावाच्या वेळी पहिला गट सरस होता. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र मिश्र सराव करणाऱ्यांना ६३ टक्के, तर इतरांना २० टक्के यश मिळाले. प्रकरणनिहाय सरावातून मिळणारा आत्मविश्वास किती फसवा असतो, हे यातून स्पष्ट होते.

एक उदाहरण पाहता येईल. भुसार गाळ्यात पोत्यांची थप्पी लावली आहे. तळाच्या रांगेत १५ पोती असून वरच्या प्रत्येक रांगेत एक पोते कमी आहे. एकूण पोती १०५ असल्यास रांगा किती? आरंभ अंकगणिती श्रेढीने होतो; पण बेरजेच्या सूत्रात किमती घातल्यावर न² − ३१न + २१० = ० हे वर्गसमीकरण हाती येते. त्याची उत्तरे १० व २१. एकविसाव्या रांगेत उणे पाच पोती येतात, म्हणून २१ हे उत्तर त्याज्य ठरते. दहाव्या रांगेत ६ पोती येतात व उत्तर जुळते. दोन प्रकरणांच्या सीमेवरील हे उदाहरण कोणत्या कप्प्यात ठेवावे? साचा पाठ करणारा विद्यार्थी दोन्ही उत्तरे लिहून मोकळा होतो. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात उदाहरण सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगताना ‘मागे वळून पाहणे’ ही शेवटची पायरी मानली आहे. उत्तरांसह छापलेल्या संचात नेमकी तीच गळते. हमालाचे मूल मात्र थप्पी रोज पाहत असते. उणे पाच पोत्यांची रांग असू शकत नाही हे त्याला सूत्राविना कळते. हे ज्ञान त्याच्या उत्तरपत्रिकेपर्यंत पोहोचविणे हे अध्यापनाचे काम आहे.

समारोप :

जुनी प्रश्नपत्रिका त्याज्य नाही. दोष साधनाचा नसून वापराचा आहे. ती अखंड, मिश्र स्वरूपात व वेळ लावून सोडविली, चुकलेल्या उदाहरणाचे कारण वहीत नोंदविले आणि तेच उदाहरण काही दिवसांनी पुन्हा सोडविले, तर ती उजळणीचे प्रभावी साधन ठरते. ‘यंदा काय येणार’ एवढेच तिला विचारले, तर ती केवळ अंदाज शिकविते. ज्या विद्यार्थ्याजवळ दुसरे साधन नाही, त्याला अंदाजावर सोडून देणे शिक्षणव्यवस्थेस परवडणारे नाही.