दूरचा मुलगा आणि आपले वाङ्मय

जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ (१९७३) या नाटकात एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. रंगभूमीवर उरतात ते वाट पाहणारे आईवडील. नाटककाराने निवडलेली बाजू त्यास पूर्णपणे साधली आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु आपण रसिकांनी त्या बाजूचाच दंडक केला आणि दूर असणे हाच अपराध ठरविला, असे आम्हांस वाटते.

वडिलांचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेल्याचे परमुलखी कळते, तेव्हा मुलाचे कर्तव्य पैसे पाठवून संपत नाही. वेदनेवर मॉर्फिन मिळेल काय, हे डॉक्टरांस विचारावयाचे असते. २०१४ च्या कायदेदुरुस्तीने वाट सुलभ केली, तरी गावोगावी ते सहज मिळत नाही. रात्री जागणाऱ्या भावजयीस चार दिवस विसावा द्यावयाचा असतो. वडिलांस किती सत्य ऐकावयाचे आहे, हे जाणून घ्यावयाचे असते. आणि शिल्लक रजा अंत्यविधीसाठी न राखता, ते बोलू शकतात तोवरच खर्चावयाची असते.

या निर्णयांत नाट्य नाही, असे कोण म्हणेल? मुलास दोषी वा निर्दोष ठरविण्याची घाई न करता, त्याचे हे निर्णय दाखविणारे नाटक आम्हांस हवे आहे.