समानुभूती, सविकल्पता आणि जाहिरातीची संहिता

'ग्राहकाच्या मनात शिरा' हा उपदेश जाहिरातशास्त्रात सूत्रासारखा रूढ झाला आहे. त्यामागील 'समानुभूती' ही संकल्पना मात्र मूळची सौंदर्यशास्त्रातील. रॉबर्ट फिशर याने १८७३ मध्ये, कलावस्तूत द्रष्ट्याची भावना कशी प्रविष्ट होते हे सांगण्यासाठी 'आइनफ्यूलुंग' ही संज्ञा योजली. १९०९ मध्ये टिचनर याने तिला 'एम्पथी' हा इंग्रजी पर्याय दिला. आस्वादाच्या मीमांसेसाठी घडलेली ही संज्ञा बाजारपेठेत रुजताना तिचा अर्थ कसा पालटला, हा प्रश्न समीक्षेच्याही कक्षेत येतो.

त्याचे उत्तर शोधताना न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनात मांडलेली 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती उपयोगी पडते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे भान हरपत नाही. वाङ्मयानंद या द्विविध अवस्थेत असतो, असे तिचे सार. परक्याशी तादात्म्य होते आणि त्याचे परकेपणही उरते.

जाहिरातीचा व्यूह नेमका उलट असतो. 'वेंगुर्ला काजू' या भौगोलिक मानांकन लाभलेल्या नावाचे उदाहरण घेता येईल. कोकणी मेव्याच्या वेष्टनांवरील कौलारू घर, तांबडी माती, माडांची रांग ही चित्रे परिचयाची आहेत. गाव सोडून मुंबईत स्थिरावलेल्या चाकरमान्याची हुरहूर ती अचूक ओळखतात. हे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु येथे ग्राहकाला दुसऱ्या कुणाची भेट घडत नाही. त्याचीच हुरहूर त्याला पाकीटबंद होऊन परत मिळते. विकल्प लोपतो, आणि विक्रीव्यवहाराचे भानही त्याबरोबर लोपते.

या चित्रातून काय वगळले जाते, हे पाहिल्यावर त्याची मर्यादा स्पष्ट होते. काजूच्या टरफलातील तेल त्वचा भाजणारे असते. बी भाजणे, फोडणे, गराची साल काढणे या कामांत बहुसंख्येने स्त्रिया असतात. डागाळलेल्या हातांना त्या रम्य चित्रात जागा नसते. कारण ती समानुभूती विकत घेणाऱ्यापुरतीच योजलेली असते. याच वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचे जयवंत दळवी 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये गावाकडे पाहतात ते जिव्हाळ्याने, तरीही अंतर राखून. त्यांची माणसे वाचकाच्या गावओढीची सोय म्हणून उभी नसतात. आपापल्या विक्षिप्तपणासह ती स्वतंत्र राहतात. सविकल्पता म्हणतात ती हीच.

जाहिरातीने साहित्य व्हावे, अशी अपेक्षा अर्थातच गैर ठरेल. तथापि भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यातच एक सूचक तत्त्व अनुस्यूत आहे. असे नाव उत्पादकांच्या समूहाच्या वतीने नोंदले जाते. व्यापारचिन्हाप्रमाणे ते दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. म्हणजे 'वेंगुर्ला' हा शब्द कायद्याच्या दृष्टीनेही केवळ ग्राहकाच्या स्मृतीचा नसून पिकवणाऱ्यांच्या श्रमाचा निर्देशक आहे. त्या श्रमाला वगळून उभारलेली समानुभूती परिणामकारक ठरेलही; पण ज्या नावावर ती उभी आहे, त्याच्या निम्म्याच अर्थाशी ती प्रामाणिक असेल. ग्राहकाला त्याच्या हुरहुरीपलीकडील माणूस दाखवणारी जाहिरातच 'समानुभूती' या शब्दाचे मूळ ऋण फेडू शकेल.