दोन मेळाव्यांमधला फरक

पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात 2022 साली ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. शासनाच्या शाळा आणि ‘प्रथम’ ही स्वयंसेवी संस्था यांची ही भागीदारी. शाळेतल्या मेळाव्यात मूल एकेका टेबलापाशी जाते, उडी मारते, चित्राबद्दल बोलते, वस्तू मोजते. त्याची नोंद विकासपत्रावर होते. मग वस्तीतल्या आया गटाने जमतात आणि सुचवलेल्या कृती घरी मुलांकडून करून घेतात. काही आठवड्यांनी दुसरा मेळावा, पुन्हा नोंद.

कल्पना आम्हाला मनापासून आवडली. जिची स्वतःची शाळा चौथीत सुटली, तिलाही भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना मुलाला काही शिकवता येते, हे तिला कुणीतरी सांगायलाच हवे होते.

आमची हरकत आहे ती मोजमापाला. दोन नोंदींमधला फरक म्हणजे उपक्रमाचा परिणाम, असे आपण सहज धरून चालतो. परंतु सहा वर्षांचे मूल दोन महिन्यांत एरवीही वाढतेच. बरे, गटात येणाऱ्या आणि न येणाऱ्या आयांच्या मुलांची तुलना केली तर? भिवंडीचे उदाहरण घ्या. बाप यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत, आई कांड्या भरायला जाणारी. मजुरी कामाच्या मापावर, म्हणजे गटात घालवलेला तास पदरचा. घरात उर्दू, तेलुगू नाहीतर भोजपुरी. गटातले बोलणे मराठीत असेल तर तिथे बसायचाही संकोच. तेव्हा ज्या येतात त्या मुळातच थोड्या मोकळ्या, थोड्या धीट. त्यांची मुले पुढे दिसली, तर आपण फुरसत मोजली की शिक्षण?

गंमत म्हणजे याचे उत्तर ‘प्रथम’च्याच कामात आहे. बिहार आणि राजस्थानातल्या 480 गावांमध्ये मातांचे साक्षरतावर्ग, घरी करायच्या कृती, दोन्ही एकत्र आणि काहीच नाही, असे चार गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निव्वळ योगायोगाने पाडले गेले. रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी व मार्क शॉटलंड यांचा हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या गणितात फायदा दिसला, पण लहानसा. लहान असला तरी तो खरा मानता येतो, कारण चौथा गट होता.

भिवंडीत एवढा खटाटोप नको. दहा वस्त्या असतील तर चिठ्ठ्या टाकून पाच आधी घ्याव्यात, उरलेल्या पाच दोन महिन्यांनी. मधल्या काळात दहाही ठिकाणची मुले सारख्याच रीतीने तपासावीत. कुणीच वंचित राहत नाही. तपासणारी व्यक्ती मात्र गट चालवणारी नसावी. आणि हजेरीपटात ‘गैरहजर’च्या पुढे आणखी एक रकाना आखावा: का आली नाही? पाळी, भाषा, तान्हे मूल, जे असेल ते, तिच्याच शब्दांत.