लाखेचे तेज आणि अक्षरांची साक्ष

ब्रह्मदेशातील कम्मवाचा-पोथ्यांची लाखकाम केलेली पाने प्राचीन वस्तूंच्या बाजारात विक्रीस येतात. त्यांच्या खरेपणाचे जे निकष सांगितले जातात, ते बहुधा चकाकी, तडे आणि झिजलेल्या कडा यांपुरतेच मर्यादित असतात. हे निकष अपुरे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम द्रव्याचा विचार करू. आपल्याकडील लाख ही कीटकजन्य राळ होय. सावंतवाडीच्या लाखकामात तीच वापरतात. ब्रह्मी 'थित्सी' हा मात्र वृक्षाचा चीक आहे. लाख मद्यार्कात विरघळते; पूर्ण वाळलेली थित्सी विरघळत नाही. या भेदामुळे हलक्या लेपाची नक्कल उघडी पडते. परंतु पगानचे कारागीर आजही थित्सीच वापरतात. तेव्हा द्रव्य अस्सल ठरले म्हणून वय सिद्ध होत नाही. झीजही घासून आणता येते. फरक इतकाच की हाताळणीची झीज कडा-कोपऱ्यांवर विषम असते, घासलेली सर्वत्र सारखी दिसते.

याहून बलवत्तर साक्ष अक्षरांची आहे. कम्मवाचा हा विनयातील संघकर्माचा पाठ. उपसंपदेत एक ञत्ति व तीन अनुस्सावना असतात. घोषणा तीच, पण 'दुसऱ्यांदा', 'तिसऱ्यांदा' असा स्पष्ट निर्देश करून. म्हणून पुनरावृत्ती दिसताच पान खोटे म्हणणे हे अज्ञान होय.

काही दिवसांपूर्वी एका उपासकाने आम्हांस अशी दोन पाने दाखविली. एकात दुसरी अनुस्सावना गळली होती, पण चिंचोक्याच्या घाटाचे प्रत्येक अक्षर शुद्ध होते. दुसरे अधिक जीर्ण व देखणे. त्यात मात्र कित्येक आकृती कोणत्याच अक्षराच्या नव्हत्या. लेखनिकाची नजर चुकते, तेव्हा ओळ गळते. पाली न जाणणारा नक्कलकार अक्षरे लिहीत नाही, तो ती रेखाटतो. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे उपासकाने पहिले पान बनावट आणि दुसरे अस्सल मानले होते.

अर्थात शुद्ध पाठ हाही प्राचीनत्वाचा एकमेव पुरावा नव्हे. आजच्या श्रद्धावान दात्याने लिहवून घेतलेली नवी पोथी शुद्ध असू शकते आणि ती बनावट नसते. बनावट असतो तो तिच्यावर लादलेला काळ.

आमचा खरा आक्षेप मात्र याहून पुढचा आहे. पहिले पान अस्सल असेल, तर त्याची उरलेली पोथी कोठे आहे? भिंतीवरील शोभेसाठी पोथी उसवून पान-पान विकले जाते, तेव्हा पाठाचा अनुक्रम नष्ट होतो आणि अस्सलपणा तपासण्याचे उत्तम साधनही त्यासोबत जाते. म्हणून अभ्यासकांनी व विहारांनी सुटी पाने विकत घेऊ नयेत. जी हाती आली असतील त्यांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन पाठ उतरवून ठेवावा. संघापुढे मोठ्याने उच्चारण्यासाठी लिहिलेले शब्द निदान वाचले तरी जावेत.