दर्शनी खांब आणि मागचं दार

आज बोलायचं आहे ते घराण्याच्या जुन्या घराविषयी. ज्याच्या तोंडाशी ग्रीक-रोमन वळणाचे उंच खांब आहेत, मधोमध पायऱ्या आहेत, डावी बाजू उजव्या बाजूचं प्रतिबिंब वाटावी अशी मांडणी आहे, असं घर. पुस्तकात या शैलीला नवअभिजात म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट ओळखीची आहे. गावातले लोक त्याला सरळ ‘खांबवालं घर’ म्हणून मोकळे होतात.

उदाहरण मात्र आम्ही इंदूरचं घेणार आहोत. करडीत बसून इंदूर कशाला, असं कुणी विचारेल. आपल्या भागातलं एखाद्याचं राहतं घर सभेत उघडं करून त्याची उणीदुणी काढणं बरं दिसत नाही. इंदूरची लालबाग सरकारच्या ताब्यात आहे. तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतो आणि आमचं म्हणणं खरं की खोटं ते तपासू शकतो. शिवाय ते होळकरांचं, म्हणजे मराठी घराण्याचं घर आहे. तिथून आपण परत भंडारा जिल्ह्यात येणारच आहोत.

आधी ही शैली आली कुठून ते थोडक्यात. इटलीत १७४८ साली पॉम्पेईचं उत्खनन सुरू झालं. १७६२ साली स्टुअर्ट आणि रेव्हेट या दोघा इंग्रजांनी अथेन्सच्या वास्तूंची मोजमापं घेऊन छापलेल्या ग्रंथाचा पहिला खंड आला. युरोपातले श्रीमंत लोक तोवर नक्षीकामाच्या गर्दीला कंटाळले होते. त्यांना वाटलं, हे खरं: साधं, मोजून-मापून केलेलं, सरळ रेषेचं. मग इंग्रजांनी तेच वळण इथे आणलं. कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाऊस १८०३ चं, डर्बीशायरमधल्या केडल्स्टन हॉल या घरावर बेतलेलं. मुंबईचा टाउन हॉल, जिथे एशियाटिक सोसायटी आहे, तो १८३३ चा. राज्यकर्त्यांनी बांधलं की सावकार, जमीनदार, संस्थानिक यांनीही बांधायला घेतलं. यात नवल काही नाही. ज्याच्या कचेरीत ताटकळत उभं राहावं लागतं, त्याच्यासारखी पायरी आपल्याही दाराला असावी असं माणसाला वाटतंच.

आपल्याकडच्या अशा खांबांची एक गंमत लक्षात ठेवा. बहुतेक ठिकाणी ते दगडाचे नाहीतच. आत विटांचं गोल काम, वरून चुन्याचा गिलावा, आणि तो घोटून-घोटून संगमरवरासारखा केलेला. अभिजात खांब वर जाताना निमुळता होतो, पण एकदम सरळ रेषेत नाही. मध्ये अगदी हलका फुगवटा असतो, नाहीतर दुरून तो खंगल्यासारखा दिसतो. हा फुगवटा गवंड्यानं हातानं आणि नजरेनं साधलेला आहे. ग्रीसचं नाव न ऐकलेल्या माणसानं ग्रीक खांब उभा केला. आम्हाला विचाराल तर या घरातली सगळ्यात मोठी कला तीच, आणि तिच्याखाली नाव कुणाचंच नाही.

आता इंदूर. होळकरांची तिथे तीन घरं आहेत आणि तिन्ही एकामागोमाग एक पाहायला हवीत. पहिलं राजवाडा, अठराव्या शतकातला. सात मजल्यांचं प्रवेशद्वार, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी, आणि आत चौक. तो वाडाच आहे, फक्त मोठा. तीनदा आग लागली त्याला, शेवटची १९८४ साली. दुसरं घर लालबाग. तिसरं माणिकबाग. या तीन घरांत दोनशे वर्षांत एक मराठी घराणं स्वतःकडे कसं बघत गेलं, ते विटांत लिहून ठेवलेलं आहे.

लालबाग खान नदीच्या काठी आहे. काम सुरू झालं १८८६ च्या सुमारास आणि पुरं झालं १९२१ मध्ये. म्हणजे पस्तीस वर्षं, आणि दुसरे तुकोजीराव, शिवाजीराव, तिसरे तुकोजीराव अशा तीन पिढ्या. फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाची नक्कल आहे, हे प्रत्येक मार्गदर्शक अभिमानानं सांगतो. आता बघा, बकिंगहॅमची आजची फाटकं विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आणि समोरची दगडी भिंत १९१३ ची. म्हणजे ज्याला आपण प्राचीन वैभवाची नक्कल म्हणतो, त्याचं मूळही तेव्हा जवळजवळ कोरं करकरीत होतं. आवारात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा आहे, वाड्याकडे तोंड करून. चेहऱ्यावर कंटाळा स्पष्ट दिसतो.

बाहेरून घर संयमी आहे. खांब, ओळीनं खिडक्या, रंग पांढरा. आत पाऊल टाकलं की संयम संपतो. संगमरवरी खांब, सोन्याचा मुलामा, छतावर ग्रीक-रोमन देवदेवतांची चित्रं, झुंबरं, पेंढा भरलेले वाघ, आणि नाचण्यासाठी स्प्रिंग बसवलेली लाकडी जमीन. समीक्षक म्हणून आम्हाला इथे बोलणं भाग आहे. ज्या नक्षीच्या गर्दीला कंटाळून ही शैली जन्मली, नेमकी तीच गर्दी या घराच्या पोटात आहे. शैलीच्या हिशेबानं हा दोषच. लालबाग हा उत्तम नवअभिजात नमुना आहे असं कुणी म्हणालं तर आम्ही मान्य करणार नाही. पण घर म्हणून ती खरी आहे. पस्तीस वर्षं चाललेल्या बांधकामात आजोबांची आवड एक, नातवाची दुसरी. आपल्याकडे नाही का, बापानं कवेलूचं छत घातलेलं असतं आणि मुलानं पुढे स्लॅब टाकलेला असतो?

आणि स्वयंपाकघर? ते नदीच्या पलीकडच्या काठावर. तिथून भुयारी वाटेनं जेवण वाड्यात यायचं. धूर नको, वास नको, आगीची भीती नको, नोकरांची ये-जा नजरेला नको. इतकं सगळं नको असलेलं एका नदीपलीकडे नेऊन ठेवलं. आमच्या मते लालबागेतला सगळ्यात स्वतंत्र वास्तुविचार हाच आहे, कारण तो कुणाची नक्कल नाही. दर्शनी खांब पाहुण्यांसाठी आणि भुयार ताटं वाहणाऱ्यांसाठी, अशी ती मांडणी. आता लालबागेची वर्णनं वाचून पहा. झुंबरांना चार ओळी, वाघांना दोन, आणि भुयाराला अर्धी, तीही गंमत म्हणून. जतन म्हणजे काय जपायचं, याचं उत्तर त्या अर्ध्या ओळीत अडकलेलं आहे. आपण घराचं तोंड जपतो आणि घर चालवणारा भाग विसरतो.

तिसरे तुकोजीराव घर पुरं झाल्यावर पाचच वर्षांत, १९२६ ला, गादीवरून पायउतार झाले. बावला खून प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांनी वडिलांच्या खांबांकडे पाठ फिरवली आणि १९३० पासून एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग उभारून घेतली. खांब नाहीत, कमानी नाहीत. सरळ भिंती, वातानुकूलन, ॲल्युमिनियम आणि काचेचे पलंग, आयलीन ग्रे आणि रूलमान यांच्यासारख्यांचं फर्निचर. जगातल्या आधुनिक घरांच्या यादीत ते येतं. पुढे काय झालं? १९८० साली मोनॅकोत सदबीजच्या लिलावात त्या वस्तू विकल्या गेल्या आणि जगभर पांगल्या. इमारतीत केंद्र सरकारचं कर खात्याचं कार्यालय आलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात त्या महाराजांवर मोठं प्रदर्शन भरलं. म्हणजे घर इंदुरात, सामान परदेशात.

लालबागेत भिंती राहिल्या आणि सामानही बरंचसं राहिलं, पण माणसं गेली. माणिकबागेत फक्त भिंती राहिल्या. तिसरा प्रकारही आहे. कलकत्त्याला राजेंद्र मल्लिकांनी १८३५ साली बांधलेलं मार्बल पॅलेस बघा. तेही नवअभिजात खांबांचं. पण आत बंगाली घराला हवं तसं मोकळं अंगण आणि पूजेचा दालान आहे, आणि वंशज अजून तिथेच राहतात. बाहेरच्याला ठरलेल्या भागातच जाता येतं. काही अभ्यासक याबद्दल कुरकुर करतात. आम्हाला उलट तेच योग्य वाटतं. ज्या घरात अजून कुणी आजारी पडतं, कुणाचं लग्न होतं, त्याच्या काही खोल्या बंदच असाव्यात.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. वैनगंगेच्या खोऱ्यात ज्यांना असं घर बांधणं परवडलं ते मालगुजार. १९५० चा मध्य प्रदेशचा मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा, आपण तेव्हा मध्य प्रदेशातच होतो, १९५१ पासून लागू झाला. गावावरचा हक्क गेला, तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी तलाव हे नाव आजही सरकारी कागदात आहेच. पण राहतं घर आणि आवार मालकाकडेच राहिलं. याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या वसुलीवर घराचा दरवर्षीचा चुना, लाकूड, माणसं चालायची ती थांबली आणि घर तेवढंच मोठं राहिलं. अशी घरं का पडली, याचं कारण वारसांच्या आळसात शोधण्याआधी या हिशेबात शोधावं.

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. ज्यांचे आजे त्या पायऱ्यांखाली चपला काढून उभे राहिले, सारा भरायला, वेठीला, त्यांनी ते घर का जपावं? पडलं तर पडू दे, असं कुणी म्हणालं तर आम्ही त्याला अडाणी म्हणणार नाही. आमचं म्हणणं एवढंच, की जपायचं तर सगळं जपा. बैठकीचे खांब राखले आणि मागची धानाची कोठी, कांडणाची जागा, गड्यांची सपरी, मागचं दार पाडून तिथे गाड्या लावायची सोय केली, तर राहिली ती फक्त मालकाची ऐट. कोठीची भिंत शाबूत असेल तर त्या घरात किती गावांचा घाम साठवला होता, ते कुणालाही डोळ्यांनी दिसतं. नांदती घरं, पर्यटनासाठी सजवलेली घरं, सगळ्यांना हेच लागू आहे. आजकाल जुन्या वाड्यांची ‘हेरिटेज’ हॉटेलं होतात तेव्हा आधी हात पडतो तो मागच्या बाजूवर. पुढची बाजू फोटोला लागते ना.

कायद्याकडून फार आशा नको. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानं स्मारक ठरायला वास्तू किमान शंभर वर्षांची लागते आणि राष्ट्रीय महत्त्वाची ठरावी लागते. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, श्रेणी ठरतात. गावठाणातल्या घराला असं छत्र क्वचितच मिळतं. त्यामुळे इथे जतन म्हणजे शेवटी वारसांचं एकमत. आणि वाटणीला हे समतोल घर फार सोयीचं पडतं, मधोमध रेघ मारली की झालं. गोव्यात चांदोरला ब्रागांझांचं घर पहा. शैली गोमंतकी-पोर्तुगीज, पण दर्शनी भाग एकच, लांबलचक, आणि आत दोन शाखांची दोन घरं. दोन्हीकडची डागडुजी सारखी नाही, हे कुणालाही दिसतं. तरी त्यांनी समोरची भिंत मोडली नाही. वाटणीपत्रात ‘दर्शनी भाग व छत सामाईक, खर्च निम्मा-निम्मा’ एवढं एक वाक्य घातलं तरी अशी घरं वीसपंचवीस वर्षं जास्त टिकतील. आणि २००५ नंतर मुलींचा हक्क बरोबरीचा आहे, तेव्हा सह्या घेताना बहिणींना बोलवा. खूपदा घराच्या आतल्या खोल्यांची आठवण त्यांनाच जास्त असते.

राहिली डागडुजी. चुन्याचा खांब फुटला की आपण सिमेंट थापतो. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंटचा थर ती कोंडून ठेवतो. जमिनीतून चढलेली ओल विटेत अडकते, क्षार फुलतात, वरून खांब ठणठणीत दिसतो आणि आतल्या विटेचा भुगा होत असतो. ऑइलपेंटचंही तेच. कळीचा चुना, सुरखी, बेलफळाचा गर, गूळ, हिरड्याचं पाणी हे जुनं मिश्रण काही जादूचं नाही. पण त्याला वेळ लागतो, चुना आठवडेच्या आठवडे भिजत ठेवावा लागतो आणि घोटणारा हात लागतो. असा हात ज्या गावात अजून असेल, त्याच्याकडून आधी एक कोपरा करून घ्या, आणि सोबत दोन पोरं शिकायला बसवा.

या शैलीचा आपल्या हवेतला खरा दोष वर असतो. छत दिसू नये म्हणून पुढे कठडा उंच करतात आणि पन्हाळ त्याच्या मागे लपवतात. आपल्या पावसात तिथे पाला साठतो, पाणी तुंबतं, कठड्याच्या खाचेत पिंपळ उगवतो. पिंपळ उपटायला कुणी तयार होत नाही. मग पानं छाटतात आणि मूळ भिंतीत जाडजूड होत राहतं. रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट सोडवून देवळाच्या पारापाशी लावा, म्हणजे श्रद्धाही राहते आणि कठडाही. आणि मृगाच्या आधी एकदा शिडी लावून तो पाला काढा. याला ना अनुदान लागतं ना परवानगी.

बोलणं लांबलं. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केला आहे.