लाल बावटा कलापथक: न ऐकलेली शाहिरी

सोलापूर जिल्ह्याने मराठी शाहिरीला पेशवाईच्या उत्तरकाळात रामजोशी दिला आणि विसाव्या शतकात बार्शीचे अमर शेख दिले. परंतु रामजोशीची कवने प्रबंधांत व पाठ्यपुस्तकांत स्थिरावली, व्ही. शांताराम यांच्या १९४७ सालच्या चित्रपटाने त्याचे नाव घरोघरी पोहोचविले, आणि अमर शेखांचा आवाज ज्या लाल बावटा कलापथकाने महाराष्ट्रभर नेला, त्या पथकाचे कला म्हणून मूल्यमापन मात्र अद्यापही झाले नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते.

अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर या तिघांनी १९४४ साली हे पथक उभे केले. अमर शेखांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. जन्म १९१६ चा, तारुण्य गिरणीतल्या मजुरीत आणि संपाच्या धामधुमीत गेलेले. १९३० साली ज्या सोलापूरने मार्शल लॉ सोसला आणि ज्याच्या चार सुपुत्रांना पुढील जानेवारीत फाशी झाली, त्या शहराच्या परिसरात वाढलेल्या तरुणाच्या गाण्यात राज्यकर्त्यांविषयीचा संताप उसना आणावा लागला नाही.

आमच्या समीक्षकांनी या पथकाचा मजकूर वाचला, विचारसरणी तपासली. गायन मात्र ऐकले नाही. पोवाड्यात मुख्य शाहीर कथेचा चौक उचलतो, तुणतुण्याचा अखंड सूर त्याच्या पाठीशी उभा असतो, डफाची थाप श्वासाला जागा देते आणि झीलकरी ओळीचे शेवट झेलून तिला पुन्हा शाहिराच्या हवाली करतात. या देवघेवीत क्षणभराचा जरी विलंब झाला तरी वीररस कोसळतो. ध्वनिवर्धकाचा भरवसा नसलेल्या हजारोंच्या जमावासमोर गाताना अमर शेखांनी उंच पट्टीतही शब्दाचे व्यंजन बोथट होऊ दिले नाही, यातच त्यांची खरी विद्या होती. अण्णा भाऊंनी तमाशाच्या रचनेत केलेला फेरफारही केवळ वैचारिक नव्हता: गणातील देवतावंदनाच्या जागी त्यांनी मातृभूमीचे आणि हुतात्म्यांचे वंदन घातले, गवळणीला फाटा दिला, आणि अशा रीतीने वगाचा नाट्यवेग वाढविला, लोकनाट्य या नावाला त्यामुळेच अर्थ प्राप्त झाला. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड अमर शेखांच्या कंठातून गाजली. तीत चाकरमान्याच्या विरहातून महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव-कारवारच्या विरहाकडे होणारे संक्रमण छापील पानावर काहीसे अकस्मात वाटते. गायनात मात्र तोच ठेका आणि तीच आर्त चाल दोन्ही दुःखांना एकाच देहात नांदविते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने पथकावर बंदीचा हुकूम काढला. पथकाचे तिन्ही शाहीर पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजले, आणि १९६० नंतर चळवळीचा तो ओघ ओसरला. १९६९ च्या जुलैत अण्णा भाऊ गेले, आणि दीड महिन्याच्या आत, ऑगस्टमध्ये, अमर शेख अपघातात मृत्यू पावले.

गायन न ऐकणाऱ्या आमच्या समीक्षेशी तुलना म्हणून अमेरिकेकडे पाहावे; तेथेही त्या दशकांत लोकगीताला नवे रूप देणारी पथके निघाली. कामगार संघटनांच्या सभांतून गाणारे पीट सीगर आणि वुडी गथ्री यांचे पथक ध्वनिमुद्रिकांवरून आजही ऐकता येते. इतकेच नव्हे, तर व्हायोलिन आणि गिटार घेऊन जुन्या ग्रामीण गाण्यांना स्वप्नविभ्रमाचे वळण देणाऱ्या ‘होली मोडल राउंडर्स’ या चिमुकल्या जोडीचीही वाटचाल १९६४ च्या पहिल्या मुद्रिकेपासून तपासता येते. तेथील समीक्षक गाण्यावर बोलतो, कारण गाणे त्याच्या समोर असते. आमच्याकडे ध्वनिमुद्रणे थोडी, म्हणून समीक्षा शब्दापाशीच अडते.

आजच्या शाहिरीची दुरवस्था मला याच अभावाशी जोडलेली दिसते. सरकारी योजनांच्या प्रचारासाठी पथके फिरतात, आवेशही असतो. परंतु इलेक्ट्रॉनिक तालवाद्यांच्या गोंगाटात डफाचा विराम हरवतो आणि झीलकरी केवळ शोभेपुरते उभे राहतात, कारण विराम म्हणजे काय हे त्यांना ऐकविणारे कोणी उरले नाही. सोलापूर विद्यापीठाने आणि आकाशवाणीने आपापली दफ्तरे उघडावीत, खासगी संग्रहांतील जुन्या फिती मिळवाव्यात, बार्शी-सोलापूरच्या वृद्ध झीलकऱ्यांकडून चाली नोंदवून घ्याव्यात; आणि ज्या वाचकांच्या घरी अशी एखादी फीत पडून असेल, त्यांनी ती या कामी विनाविलंब स्वाधीन करावी.